उत्क्रांती आणि श्रद्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीच्या वर्गात, घरी जेवताना, प्रवचन संपल्यावर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांखाली जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं दोन-चार ओळींत संपतात, काही लांबली आहेत. जिथे घोळ जास्त आहे तिथे आकडे मांडून दाखवले आहेत, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतः पडताळून बघता येईल.

उत्क्रांती मान्य केली तर देव सोडावा लागतो का?

नाही. उत्क्रांतीचा सिद्धांत मुख्यतः तीन गोष्टी सांगतो. पृथ्वीवरचे सगळे सजीव एकाच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत. पिढ्यानपिढ्या त्यांच्यात बदल होत आले आहेत. आणि या बदलांमागचं एक मोठं कारण नैसर्गिक निवड आहे, म्हणजे त्या त्या परिस्थितीत ज्यांची पिल्लं जास्त जगतात त्यांचे गुण पुढच्या पिढीत पसरतात. या सगळ्यामागे कोणी आहे की नाही, यावर सिद्धांत काहीच बोलत नाही. पाऊस कसा पडतो हे हवामानशास्त्र सांगतं. पाऊस पडल्यावर कोणाचे आभार मानायचे हे ते सांगत नाही.

खटका उडतो तो धर्मग्रंथातल्या वाक्याला निसर्गाचा इतिहास मानलं की. ‘पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे’ किंवा ‘माणूस आज आहे तसाच एका दिवशी घडला’ ही विधानं निसर्गाबद्दलची आहेत. ती तपासता येतात, आणि तपासल्यावर टिकत नाहीत. त्यामुळे खरा प्रश्न असा, की तुम्ही तुमच्या ग्रंथाकडून काय मागता.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. मराठी घरांत उत्क्रांती नाकारणारे फार भेटत नाहीत. ‘हे तर आपल्याकडे आधीच सांगून ठेवलंय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. या ओढूनताणून केलेल्या जुळवणीने विज्ञानाचं नुकसान होतंच, ग्रंथाचंही होतं. म्हणून खालची दशावतार, योनी आणि कल्प यांची उत्तरं सर्वांत सविस्तर आहेत.

माणूस माकडापासून झाला, तर आजची माकडं माणूस का होत नाहीत?

कारण आजच्या माकडापासून माणूस झाला असं उत्क्रांतीचा अभ्यास करणारं कोणी म्हणतच नाही. तुमचा चुलतभाऊ तुमचा बाप नसतो. तुम्हा दोघांचे आजोबा एक असतात. चिंपांझी आणि आपण असेच भाऊबंद. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत होता, आणि तो ना आजचा चिंपांझी होता ना आजचा माणूस. आजोबांचा एक मुलगा कोकणात राहिला, दुसरा विदर्भात गेला, तर कोकणातली नातवंडं अजून वऱ्हाडी का बोलत नाहीत असं आपण विचारत नाही.

पण माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलंय का?

हाच मुद्दा जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी मांडला होता आणि डार्विनचा सिद्धांत शाळा-कॉलेजांच्या अभ्यासक्रमातून बदलायला हवा असं म्हटलं होतं. लगेच देशातल्या तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते विधान खोडून काढलं.

सह्याद्रीच्या घाटात कड्यावर आडवे थर दिसतात. ते लाव्हाचे आहेत, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. तो लाव्हा वाहताना कोणी पाहिला नाही, पण थर समोर आहेत. सजीवांच्या शरीरातही असे थर असतात. त्यातला एक जवळून पाहू.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात २४. पूर्वज एकच असेल तर आपली एक जोडी गेली कुठे? एवढं मोठं गुणसूत्र नुसतं हरवलं असतं तर जीव जगलाच नसता. मग एकच शक्यता उरते: दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली. हे खरं असेल तर दोन खुणा सापडायला हव्यात. गुणसूत्राच्या टोकाला टोपीसारखा एक भाग असतो, त्यात टीटीएजीजीजी ही डीएनएची सहा अक्षरं शेकडो वेळा लागोपाठ येतात. जोड झाला असेल तर ही टोकाची अक्षरं गुणसूत्राच्या आत, एकमेकांकडे तोंड केलेली सापडली पाहिजेत. शिवाय प्रत्येक गुणसूत्राला एक सांधा असतो, सेंट्रोमिअर नावाचा. जोडलेल्यात एक चालू सांधा आणि एका निकामी सांध्याचे अवशेष मिळाले पाहिजेत. माणसाच्या दोन नंबरच्या गुणसूत्रात दोन्ही खुणा आहेत. जोडाची जागा १९९१ मध्ये ओळखली गेली.

हाच पुरावा २००५ मध्ये अमेरिकेतल्या डोव्हरच्या खटल्यात (त्याबद्दल खाली आहे) न्यायालयापुढे मांडला गेला. तो मांडणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर श्रद्धावान कॅथलिक आहेत.

पण ही तर नुसती ‘थिअरी’ आहे ना?

हा आक्षेप इंग्रजीतून आला आहे. तिथे बोलीभाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘अंदाज’ असाही होतो. आपल्याकडे नेमका शब्द आहे: सिद्धांत, म्हणजे ज्याचा अंत सिद्ध झाला आहे असा निष्कर्ष. पायथागोरसचा सिद्धांत आपण ‘नुसता’ म्हणत नाही. उत्क्रांतीच्या बाबतीत हा शब्द चपखल बसतो. तपशिलावर वाद चालू आहेत, कुठली फांदी कुठून फुटली वगैरे; सगळं एकाच झाडाचं आहे यावर वाद उरलेला नाही.

‘उत्क्रांती’ म्हणजे वर-वर चढत जाणं का?

शब्दामुळे तसं वाटतं खरं. ‘उत्’ म्हणजे वर. वेदान्तात तर हाच शब्द वेगळ्याच अर्थाने येतो: मरताना जीवाने देह सोडून निघून जाणं म्हणजे उत्क्रांती. जीवशास्त्राने तो दुसऱ्या कामाला लावला आणि ‘वर’ची छटा मात्र चिकटून राहिली. म्हणून आपण ‘अधिक उत्क्रांत समाज’ असं बोलून जातो.

निसर्गात वर-खाली काही नसतं. अंधाऱ्या गुहेत राहणाऱ्या माशांचे डोळे पिढ्यांमागून पिढ्या जाऊन नाहीसे झाले. दुसऱ्याच्या आतड्यात राहणाऱ्या पट्टकृमीला स्वतःची पचनसंस्थाच उरलेली नाही. हीसुद्धा उत्क्रांतीच. शिडी डोक्यातून काढून तिथे वडाचं झाड ठेवा, म्हणजे पुढची तीन उत्तरं सोपी जातील.

दशावतारात उत्क्रांतीच सांगितली आहे ना? मासा, कासव, वराह, मग नरसिंह, मग माणूस…

ही जुळवणी ऐकायला इतकी छान वाटते की ती प्राचीन असेल असंच वाटतं. ती प्राचीन नाही. अशी मांडणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आल्यानंतर सुरू झाली. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन यांनी १८८२ मध्ये ती मांडली होती.

आधी ग्रंथाच्या बाजूने पाहू. भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायात बावीस अवतारांची यादी आहे. तिथे सनकादि कुमार पहिले, वराह दुसरा, आणि मत्स्य थेट दहावा, कूर्म अकरावा. मोहिनी तेरावी, नरसिंह चौदावा. क्रम हाच जर सिद्धांताचा पुरावा असेल, तर या यादीत डुक्कर माशाच्या कितीतरी आधी येतं. दहांची यादीसुद्धा सगळीकडे एक नाही. कुठे नववा बुद्ध, कुठे बलराम. महाराष्ट्रात तर नवव्या जागी विठ्ठल मानण्याची परंपरा आहे. सोयीची यादी तेवढी उचलायची आणि बाकीच्या बाजूला ठेवायच्या, याला पुरावा म्हणता येत नाही.

आता जीवशास्त्राच्या बाजूने. मासा आपल्या पूर्वजांत आहे, हे बरोबर. कासव आपला पूर्वज नाही, ती सरीसृपांची वेगळी फांदी. डुक्कर आणि सिंह हे सस्तन प्राण्यांमधले आपले दूरचे भाऊबंद; आपण त्यांच्यापासून झालो नाही. अर्धा सिंह आणि अर्धा माणूस असा कुठलाच टप्पा कधी नव्हता. वामन ही ठेंगण्या माणसांची प्रजाती नव्हे, तो बळीच्या यज्ञात आलेला बटू आहे. शिवाय परशुराम आणि राम एकमेकांसमोर उभे ठाकतात, संवाद करतात. ते दोन टप्पे कसे?

आणि श्रद्धेच्या बाजूने पाहिलं तर हे नुकसान सर्वांत मोठं आहे. प्रल्हादाच्या हाकेला खांबातून धावून येतो तो नरसिंह. दिवस नाही रात्र नाही, घरात नाही बाहेर नाही, माणूस नाही पशू नाही: हिरण्यकशिपूच्या वरातली प्रत्येक फट भरून काढणारं ते रूप आहे. त्याला ‘प्राण्यापासून माणसाकडे जाणारा टप्पा’ ठरवलं की कथेचा जीवच जातो. सिंधुदुर्गात रात्र-रात्र दशावतार बघणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चौऱ्याऐंशी लक्ष योनी आणि शास्त्रज्ञांचा ८७ लाख प्रजातींचा आकडा इतका जवळ कसा?

८७ लाखांचा अंदाज खरा आहे, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला. मोबाइलवरच्या संदेशात तीन गोष्टी गाळल्या जातात. तो आकडा अधिक-उणे १३ लाखांचा आहे. त्यात जिवाणू धरलेलेच नाहीत. आणि तो अनेक अंदाजांपैकी एक आहे. २०१६ मध्ये सूक्ष्मजीव धरून केलेला एक अंदाज एक लाख कोटी प्रजातींपर्यंत गेला होता.

पण खरी पडताळणी बेरजेत नाही, बेरजेच्या आतल्या आकड्यांत आहे. परंपरेतला प्रसिद्ध श्लोक विभागणी अशी देतो: जलचर ९ लाख, स्थावर २० लाख, कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख, मानव ४ लाख. बेरीज ८४ लाख. आता शेजारी आजची मोजणी ठेवा. पक्ष्यांच्या प्रजाती सुमारे ११ हजार. सस्तन प्राण्यांच्या सुमारे साडेसहा हजार. माणसाची आज जिवंत असलेली प्रजाती एक. एकही रकाना जुळत नाही.

कल्पनाही वेगळ्या आहेत. योनींच्या फेऱ्यात एकच जीव एका देहातून दुसऱ्या देहात जातो, कर्मानुसार वर किंवा खाली. उत्क्रांतीत कोणताच एकटा प्राणी बदलत नाही. समूहातलं गुणांचं प्रमाण पिढ्यांनी बदलतं. संतांनी चौऱ्याऐंशीचा फेरा सांगितला तो मनुष्यजन्म वाया घालवू नका हे बजावण्यासाठी. त्या उपदेशाला प्रजातींच्या मोजदादीची गरज कधीच नव्हती.

ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी. हा योगायोग कसा असेल?

गणित करून बघू, आणि परंपरेच्याच नियमाने. एक महायुग ४३,२०,००० वर्षांचं. अशी हजार महायुगं म्हणजे ब्रह्मदेवाचा दिवस, ४३२ कोटी. पण हा दिवस *पूर्ण* किती हे झालं. त्यातला आजवर उलटला किती?

उत्तर प्रत्येक पूजेच्या संकल्पात आहे: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगे, कलियुगे, प्रथमचरणे. वैवस्वत हे या दिवसातलं सातवं मन्वंतर, म्हणजे सहा मन्वंतरं संपली. प्रत्येकी ७१ महायुगं धरून १८४ कोटी ३ लाख २० हजार. मन्वंतरांच्या सात संधी, प्रत्येकी १७ लाख २८ हजार, मिळून १ कोटी २० लाख ९६ हजार. सातव्या मन्वंतराची २७ महायुगं, ११ कोटी ६६ लाख ४० हजार. अठ्ठाविसाव्याची कृत, त्रेता, द्वापर मिळून ३८ लाख ८८ हजार. त्यावर कलियुगाची पाच हजारांहून थोडी जास्त वर्षं. एकूण सुमारे १९७ कोटी २९ लाख.

तुलना करायचीच तर १९७ ची ४५४ शी करावी लागेल, आणि ती जुळत नाही. विश्वाचं वय सुमारे १,३८० कोटी वर्षं, त्याच्याशीही नाही.

तरीही या आकड्यांचं एक मोल आहे, आणि ते मनापासून सांगावंसं वाटतं. कोट्यवधी वर्षांचा काळ डोक्यात मावून घ्यायची सवय या परंपरेने दिली. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लोकांना जो काळाचा धक्का बसला तो आपल्या पंचांग वाचणाऱ्या आजोबांना बसला नसता. एवढंच श्रेय घ्यावं, ते पुरेसं आहे.

मग टिळक आणि विवेकानंदांनीही अशी जुळवणी केली होती, ती चूक?

त्यांनी तत्त्वज्ञानाची तत्त्वज्ञानाशी तुलना केली. विवेकानंदांनी पतंजलीच्या ‘जात्यन्तरपरिणामः प्रकृत्यापूरात्’ या सूत्राच्या आधारे उत्क्रांतीचा विचार केला. टिळकांनी मंडालेत लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात सांख्यांच्या सृष्टिक्रमाशेजारी जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलचं म्हणणं ठेवलं. प्रकृतीतून सृष्टी क्रमाने उलगडते हा सांख्यांचा विचार तेवढा खोल आहेच. मात्र डीएनएची रचना कळली १९५३ मध्ये. आज आपल्यापुढे जे पुरावे आहेत ते त्यांच्यापुढे नव्हते.

‘आपल्या ग्रंथात हे आधीच होतं’ असा संदेश आला तर तपासायचा कसा?

आधी श्लोक मागा: ग्रंथ, अध्याय, क्रमांक. निम्मे दावे इथेच थांबतात. श्लोक मिळाला तर त्यावरची १८५९ पूर्वीची टीका बघा. एकाही जुन्या टीकाकाराला तो अर्थ दिसला नसेल तर तो अर्थ आपण आत घातला आहे. मग आकडा असेल तर त्याच यादीतले बाकीचे आकडे बघा, वर योनींच्या बाबतीत केलं तसं. शेवटी हे विचारा, की शास्त्रज्ञांना अजून न सापडलेली एखादी गोष्ट या श्लोकावरून आज सांगता येईल का?

उत्क्रांतीच्या सिद्धांतावरून ती सांगता येते. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधला जीव सुमारे ३७.५ कोटी वर्षं जुन्या खडकांत मिळायला हवा, असं ठरवून संशोधक कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागात गेले आणि काही मोहिमांनंतर २००४ मध्ये टिकटालिक त्यांना सापडला: माशासारखे खवले, आणि परांच्या आत मनगटासारखी हाडं. देवमाशाची गोष्टही अशीच. नावात मासा असला तरी तो सस्तन प्राणी. त्याचे पूर्वज जमिनीवरचे असले पाहिजेत, आणि त्यांचा सर्वांत जवळचा खूर असलेला नातलग मिळाला तो जम्मूतल्या कालाकोटच्या खडकांत. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी ते खडक जमवले होते. त्यातल्या इंडोहायसच्या कानाचं हाड देवमाशांसारखं जाड आहे हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

ख्रिस्ती धर्म तर उत्क्रांतीच्या विरोधात आहे ना?

सगळा नाही. सहा दिवसांत सृष्टी घडल्याची कथा मराठीला नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ती ख्रिस्तपुराणात ओव्यांमधून सांगितली, १६१६ मध्ये, गोव्यात. पण ती शब्दशः घ्यायची का, हा वाद चर्चमध्ये डार्विनच्या कितीतरी आधीपासून आहे. पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी बजावलं होतं, की निसर्गाबद्दल चुकीचं बोलून ते बायबलच्या नावावर खपवाल तर जाणकार माणसं बायबललाच हसतील. ख्रिस्तपूर्व ४००४, २३ ऑक्टोबर ही सृष्टीच्या आरंभाची तारीख आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये वंशावळींची वर्षं मोजून काढली. ती बायबलच्या मजकुरात नाही.

वसई-गोव्याकडचे कॅथलिक वाचक हे आवर्जून विचारतात म्हणून: पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीचा अभ्यास करायला मोकळीक दिली, आत्मा मात्र देवच निर्माण करतो या अटीवर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही केवळ गृहीतक राहिलेली नाही असं म्हटलं. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी देव म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे असं सांगितलं. एक गाठ अजून सुटलेली नाही. सगळी माणसं एकाच जोडप्यापासून झाली हा १९५० चा आग्रह, आणि आपले पूर्वज कुठल्याही काळी हजारोंच्या समूहात होते हा जनुकशास्त्राचा निष्कर्ष. धर्मशास्त्री यावर आजही काम करत आहेत.

अमेरिकेत यावर एवढे खटले का झाले?

तिथे प्रश्न सरकारी शाळेत काय शिकवायचं हा आहे. १९२५ च्या जुलैत टेनेसी राज्यातल्या डेटन गावी जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला आणि १०० डॉलर दंड झाला. १९२७ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा रद्द केली, तीही तांत्रिक कारणावर: ५० डॉलरच्या वरचा दंड ज्युरीने ठरवायला हवा होता, न्यायाधीशाने नव्हे. कायदा १९६७ पर्यंत तसाच राहिला. धर्माच्या बाजूने उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्षीत मान्य केलं होतं, की बायबलमधला दिवस चोवीस तासांचाच असेल असं नाही. हे सहसा सांगितलं जात नाही.

१९८७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सृष्टिवाद, म्हणजे देवाने सृष्टी थेट घडवली हे मत, विज्ञान म्हणून शिकवायला मनाई केल्यावर तोच विचार ‘बुद्धिमान रचना’ या नावाने पुढे आला. पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर इथे शाळेत ही ‘रचना’ आणण्याविरुद्ध ११ पालक न्यायालयात गेले. तिथे शिफारस केलेल्या पुस्तकाचे जुने मसुदे मागवले, तेव्हा ‘सृष्टिवादी’ हा शब्द काढून ‘रचनेचे समर्थक’ घालताना एका जागी दोन्ही शब्द अर्धवट चिकटून राहिलेले सापडले, तेही १९८७ च्या निकालानंतरच्या मसुद्यात. २० डिसेंबर २००५ ला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल दिला: हे विज्ञान नाही.

इस्लाम, बौद्ध आणि जैन परंपरांचं काय?

कुराणात सहा दिवसांची निर्मिती आहे, पण देवाकडचा एक दिवस हजार वर्षांचा, एके ठिकाणी पन्नास हजार वर्षांचा, असंही आहे. त्यामुळे पृथ्वीचं वय हा तिथे फारसा अडचणीचा मुद्दा नाही. अडचण आदमच्या थेट निर्मितीची. काही अभ्यासक बाकी सगळी उत्क्रांती मानून आदमला अपवाद ठेवतात, काही पूर्ण मानतात, काही नाकारतात. तुर्कस्तानाने २०१७ मध्ये नववीच्या अभ्यासक्रमातून हा विषय काढायचं ठरवलं.

बौद्ध धम्मात निर्माता ईश्वरच नाही, त्यामुळे मुख्य खटका उरत नाही. जग शाश्वत आहे की नाही असल्या प्रश्नांवर बुद्धांनी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला: आधी बाण काढा. जैन मतात विश्व अनादी आहे. एकेंद्रिय ते पंचेंद्रिय ही जीवांची मांडणी वर्गीकरण आहे, वंशावळ नव्हे. ती उत्क्रांतीचा पुरावा म्हणून वापरू नये.

डार्विन स्वतः नास्तिक होता का? मरताना त्याने माफी मागितली म्हणतात.

केंब्रिजमध्ये तो पाद्री व्हायच्या तयारीने शिकला होता. १८७९ मधल्या एका पत्रात त्याने लिहिलं, की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतिवादी एकाच वेळी असू शकतो. स्वतःला त्याने अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, म्हटलं. मृत्युशय्येवरच्या पश्चात्तापाची गोष्ट १९१५ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर ३३ वर्षांनी छापून आली, आणि त्याच्या मुलीने ती १९२२ मध्ये स्पष्ट नाकारली.

सगळं योगायोगाने झालं यावर विश्वास कसा ठेवायचा?

ठेवू नका. उत्परिवर्तन, म्हणजे जनुकांतला बदल, कुठे होईल हे आंधळं आहे. कोण टिकेल हे आंधळं नाही. १९८८ मध्ये अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगशाळेत एकाच जिवाणूपासून सुरू केलेले १२ समूह तेव्हापासून वाढवले जात आहेत, आणि दर ५०० पिढ्यांना नमुने गोठवून ठेवले जातात. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका समूहाला भांड्यातलं सायट्रेट (लिंबातल्या आम्लाचा क्षार) खाता येऊ लागलं, जे हवेच्या सान्निध्यात त्या जातीला जमत नाही. गोठवलेल्या जुन्या पिढ्या पुन्हा वाढवल्या, तेव्हा ठरावीक पिढीनंतरच्याच नमुन्यांतून ही क्षमता पुन्हा आली. म्हणजे आधी एक बदल जमिनीची मशागत करून गेला होता, मग दुसरा उगवला.

कार्बन डेटिंग चुकतं, मग कोट्यवधी वर्षांचे आकडे खरे कशावरून?

कोट्यवधी वर्षांसाठी कार्बन वापरतच नाहीत. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. दहा अर्धायुकालांत मूळच्या १,०२४ व्या भागाइतकाच उरतो. म्हणून सुमारे ५० हजार वर्षांपुढे ती पद्धत निरुपयोगी. जुन्या खडकांना युरेनियम-शिसे, पोटॅशियम-आर्गॉन या पद्धती लागतात; युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षं. ‘जिवंत गोगलगायीचं वय हजारो वर्षं आलं’ हे उदाहरण खरं आहे, आणि कारणही माहीत आहे: चुनखडीच्या पाण्यातला जुना, कार्बन-१४ नसलेला कार्बन तिच्या शंखात गेला होता.

एवढं दुःख, एवढी मारामारी घालून देवाने सृष्टी का घडवावी?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि तो विज्ञान सोडवून देऊ शकत नाही. डार्विनलाही त्यानेच गाठलं. जिवंत अळीला आतून खात वाढणारी गांधीलमाशीची पिल्लं एखाद्या दयाळू देवाने मुद्दाम निर्माण केली असतील हे त्याला पटेना. तसं त्याने १८६० मध्ये आसा ग्रे या श्रद्धाळू मित्राला लिहिलं. त्याआधी १८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची मुलगी ॲनी गेली होती.

प्रत्येक परंपरेने याला आपल्या परीने तोंड दिलं आहे: कर्म, लीला, क्रूसावरचं देवाचं स्वतःचं दुःख. भागवत तर सरळ म्हणतं, ‘जीवो जीवस्य जीवनम्’. हे उत्तर कोणाला धीर देईल, कोणाला नाही. पण उत्क्रांती नाकारल्याने दुःख कमी होत नाही. गांधीलमाशी तिथेच असते.

‘बळी तो कान पिळी’ हेच उत्क्रांती शिकवते ना?

नाही. ‘जो सर्वांत लायक तो टिकेल’ हा वाक्प्रयोग हर्बर्ट स्पेन्सरचा, १८६४ चा. डार्विनने तो नंतर उचलला. लायक म्हणजे बलवान नव्हे, त्या जागी टिकणारा. निसर्गात काय घडतं यावरून माणसाने काय करावं हे ठरत नाही. जात किंवा वंश श्रेष्ठ ठरवायला हा सिद्धांत वापरणाऱ्यांनी त्याचा गैरवापर केला आहे.

शाळेत हा विषय आता आहे की काढला?

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला; ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्यात फक्त आनुवंशिकता उरली. २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी याविरुद्ध पत्र लिहिलं. बारावीच्या जीवशास्त्रात धडा आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलामुलींना तो कधीच भेटत नाही. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकात पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे.

वर्गात नैसर्गिक निवड कमी खर्चात कशी दाखवायची?

रंगीबेरंगी बारीक नक्षीची चादर आणि पाच रंगांचे घोटीव कागद लागतात. पंचिंग मशीनने प्रत्येक रंगाचे सुमारे ६० ठिपके पाडा. चादरीवर प्रत्येकी २०, एकूण १०० ठिपके नीट विखरून टाका. चार मुलं ‘पक्षी’. पाठ करून उभी राहतील, वळतील, जो पहिला ठिपका दिसेल तो उचलतील, पुन्हा पाठ करतील. ७५ उचलून झाले की थांबा. चादर झटकून उरलेले २५ मोजा. प्रत्येकाला त्याच रंगाची तीन ‘पिल्लं’ द्या, पुन्हा १०० होतील. तीन-चार फेऱ्यांत एक-दोन रंग चादर व्यापतात. दरवेळी फळ्यावर तक्ता लिहा.

बिघडतं कुठे? चादर एकरंगी असेल तर निकाल पहिल्याच फेरीत लागतो आणि मजा जाते. मुलं टक लावून शोधायला लागली तर निवड होतच नाही, म्हणून पाठ करण्याचा नियम सोडू नका. एखाद्या रंगाचे ठिपके कमी पडतातच. जास्तीचे पाडून ठेवा. आणि सर्वांत मोठी चूक शिकवणाऱ्याच्या तोंडी होते: ‘ठिपक्यांनी रंग बदलला’. एकाही ठिपक्याने रंग बदललेला नाही, प्रमाण बदललं. शेवटची फेरी एकाच रंगाच्या १०० ठिपक्यांनी करा, म्हणजे विविधता नसेल तर निवडायला काही उरतच नाही हे मुलांना दिसेल.

‘आजी म्हणते देवाने केलं, बाई म्हणतात उत्क्रांतीने’ असं मूल म्हणालं तर?

आजीला खोटं पाडू नका आणि बाईंनाही. ‘बाई कसं झालं ते सांगतात, आजी कोणामुळे झालं असं तिला वाटतं ते सांगते’ एवढं सात-आठ वर्षांच्या मुलाला पुरतं. मोठं मूल पुढे विचारेल, ‘मग आजीचं खरं की नाही?’ तेव्हा तुम्हाला स्वतःला जे वाटतं ते सांगा, आणि याबाबतीत माणसांचं एकमत नाही हेही सांगा.

दहावीच्या पेपरात ‘देवाने निर्माण केलं’ असं लिहिलं तर गुण मिळतील का?

नाही, आणि त्यात श्रद्धेचा अपमान नाही; प्रश्न पुराव्याचा असतो. अवशेषांगं विचारली तर आंत्रपुच्छ, अक्कलदाढ, कानाचे स्नायू आणि माकडहाड लिहा, प्रत्येकापुढे ते इतर कुठल्या प्राण्यात कामाचं आहे हेही लिहा. अवशेषांग म्हणजे अगदी निरुपयोगी असं लिहू नका. मूळचं काम गेलेलं, एवढंच. माकडहाडाला आजही स्नायू जोडलेले आहेत, शेपूट मात्र नाही.